तेलाच्या डब्यातले सात खजूर

"मॅडम, तुमचे राजे मरून राह्यले. येऊन पाहून जा."

मे महिना, सकाळचे नऊ. फोनवर वडनेर भोलजीचे सुखदेवकाका होते. मागच्या सप्टेंबरात त्यांच्या नव्या घरापुढं मी चार रॉयल पाम लावून दिले होते. रॉयल पाम म्हणजे बंगल्यासमोर, हॉटेलसमोर दिसतो तो. पांढरट, गुळगुळीत खोड आणि वर हिरवा शेंडा. राजा हे नाव काकांनीच तेव्हा हौसेनं दिलेलं.

मी जळगाव जामोदच्या एका नर्सरीत काम करते. सतरा वर्षं झाली. कार्डावर 'गार्डन कन्सल्टंट' लिहिलेलं आहे. खरं म्हणजे झाडं विकते, खड्डे मोजते आणि झाड मेलं की बोलणी खाते.

मालकांना सांगितलं.

"चारही गेले?"

"दोन गेले म्हणतात. दोन जाऊन राह्यले."

"लावले तवा जिवंत होते ना?"

"होते."

"मंग झालं. पाणी नसन देल्लं त्यायनं."

"एकदा पाहून येते."

"पाहून या. पण कबूल काही करू नका."

नांदुऱ्याला बस बदलून वडनेरला पोहोचले तेव्हा अकरा वाजले होते. हायवे सोडून आत गेलं की चौथं घर. घर देखणं, दुमजली. काका बावीस वर्षं ओमानमध्ये नोकरीला होते, त्यावर ते उभं राहिलेलं. काका बासष्टीचे, उंच, वाळके. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. मला पाहून "जय भीम मॅडम, या" म्हणाले आणि सरळ झाडांकडं घेऊन गेले.

दोन झाडं मेलेली होती, त्यात शंका नव्हती. पामचं एक असतं. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. पामला वाढायची जागा एकच, शेंड्याच्या मधोमध. त्याला आम्ही गाभा म्हणतो. गाभा गेला की झाड गेलं, मग खोड कितीही टणक असो. मी मधलं कोवळं पान ओढलं. ते हातात आलं. खाली कुजका वास.

उरलेली दोन मी नीट पाहिली. पाणी कमी पडलं की खालची जुनी पानं आधी लोंबतात आणि अख्खीच्या अख्खी वाळतात. इथं तसं नव्हतं. पानं मध्ये हिरवी, टोकं आणि कडा मात्र भाजल्यासारख्या तपकिरी. खड्ड्यात खुरपं घातलं तर माती ओली लागली. वरती मात्र पांढरा पापुद्रा धरलेला.

"काका, पाणी रोज देता?"

"सकाळ-संध्याकाळ. मी सोता देतो."

"कुठचं?"

"बोअरचं. दुसरं कुठचं देणार?"

माझ्या पर्समध्ये पेनाएवढं एक यंत्र असतं. पाण्यात बुडवलं की त्यात क्षार किती ते दाखवतं. मी नळाखाली वाटी धरली आणि पेन बुडवलं. आकडा पाहिला, पेन रुमालानं पुसलं, पुन्हा बुडवलं. आकडा तोच.

आमच्या भागात पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. गावोगाव चव बदलते, कधी एकाच गावात दोन बोअरची बदलते. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. आणि रॉयल पामला तर ते विषच. सतरा वर्षं या धंद्यात असलेल्या बाईला हे सांगायला लागू नये. सप्टेंबरात मी काकांना विचारलं होतं, पाणी किती आहे? ते म्हणाले, भरपूर. पाणी कसं आहे हे मी विचारलंच नाही. मालकांकडं रॉयल पामचा माल पडून होता, गिऱ्हाइकाला रॉयलच हवे होते, आणि पेन पर्समध्येच राहिलं.

मालकांनी कबूल करू नका म्हटलं होतं. मी कबूल केलं.

"काका, चूक माही हाये. पाणी तपासाले पाह्यजे होतं. झाडं बदलून देतो आम्ही."

काका रागावले नाहीत. मेलेल्या झाडाच्या खोडावरून हात फिरवत म्हणाले, "मले वाटलं, मीच कुठी चुकलो."

मग मी त्यांना म्हटलं, या पाण्यावर चांगलं जगलेलं एखादं झाड दाखवा, म्हणजे मला अंदाज येईल. त्यांनी कडुनिंब दाखवला. तेवढ्यात दारातून वत्सलाकाकू म्हणाल्या, "मागं हायेत ना माहे."

"ते झाडं नाहीत," काका म्हणाले.

"झाडं नाहीत त काय हायेत?"

काका आत गेले. काकूंनी मला हातानं खूण केली. मागच्या वेळी त्यांनी चहा आणून दिला होता आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या. आज पदर खोचून माझ्यापुढं चालत होत्या.

घराच्या मागं, भिंतीला लागून, गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांची रांग होती. सात डबे आणि सात खजुराची झाडं. काही गुडघ्याएवढी, काही माझ्या डोक्याच्या वर. पानं निळसर राखाडी, ताठ. मोठ्या झाडांच्या डब्यांचं बूड केव्हाच गंजून गेलं होतं आणि मुळं सरळ जमिनीत उतरली होती. एकाही पानाचं टोक भाजलेलं नव्हतं.

"यायले कोणतं पाणी देता, काकू?"

"भांडे धुतलेलं. कवा बोअरचं."

"लावले कोणी?"

"मी. बिया लावल्या."

मग त्यांनी सांगितलं. काका दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचे आणि येताना खजुराचा डबा आणायचे. सुट्टी संपून ते परत गेले की काकू त्या खजुरातली एक बी डब्यात लावायच्या. अकरा वेळा काका आले. चार बिया उगवल्या नाहीत. सात जगल्या.

"हे मंगलच्या लग्नाले आले तवाचं," त्या एकेका डब्यावर हात ठेवत म्हणाल्या. मंगल म्हणजे त्यांची मुलगी, डोणगावला दिलेली. "हे सासूबाई गेल्या तवाचं. बाराच दिवस होते हे. अन् हे शेवटचं, याच्या मंग हे कायमचेच आले."

"काऊन लावले पण?"

काकूंनी वाळलेलं एक पान मोडून बाजूला टाकलं.

"सांगतच नाहीत हे काही. फोनवर इचारलं, काय केलं आज, त म्हणत, काम. काय खाल्लं, त जेवलो. बावीस वर्षं माणूस कुठी झोपला, कोण्या झाडाखाली बसला, मले काही माईत नाही. मंग म्हतलं, हे झाड त तिथचंच हाये ना. यालेच पाहावं."

मी हिशोबी बाई आहे. पण ते सात डबे मी पुन्हा एकदा, सावकाश मोजले.

कामाचं सांगायचं तर या घराला योग्य पाम तोच होता. खजुराला आमचा मे महिना सोसतो. गरम वारा सोसतो. खारं पाणी तर इतर पामपेक्षा त्याला पुष्कळ जास्त सोसतं. काळ्या जमिनीत पाणी तुंबू द्यायचं नाही, एवढंच सांभाळायचं. अडचण फळाची. खजूर पिकायला कोरडी हवा लागते आणि आमच्याकडं नेमका तेव्हाच पाऊस येतो. पण फळाची अपेक्षा न ठेवता, दारातलं झाड म्हणून लावायचं तर याहून चांगलं काही नव्हतं. वरून ते घरात तयारच होतं.

मी पुढं येऊन काकांना हे सांगितलं. माझ्या मते ही आनंदाची बातमी होती.

"ते झाड माह्या दारात नको," काका म्हणाले.

"काका, दुसरं काही इतकं चांगलं..."

"तुम्ही म्हणान ते लावतो मॅडम. हे सोडून. बावीस वर्षं खजुराच्या बागेत मी त्या झाडावर चढलो. आता घरी बी तेच पाहू?"

एखाद्या बस ड्रायव्हरला रिटायर झाल्यावर अंगणात बस नको असते. मी मालकांना फोन लावला.

"फॅन पाम आहेत का आपल्याकडं?" फॅन पाम म्हणजे पंख्यासारख्या पानांचा. रॉयलइतका नाजूक नसतो, मध्यम खारं पाणी चालवून घेतो.

"हायेत. कबूल केलं का काही?"

"केलं."

"माईतच होतं मले," मालक म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी निघाले तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "माह्याले मागच्या मागं जमिनीत त लावून द्या. डब्यात किती दिवस राहतीन ते?"

काकांनी ते ऐकलं. "मागं लावा," ते म्हणाले. "समोर नको, बस."

जूनच्या शेवटी मी चार फॅन पाम आणि एक मजूर घेऊन टेम्पोनं गेले. समोरचं काम तासाभरात उरकलं. मग आम्ही मागं आलो. मागची जागा मोजली. खजूर मोठा झाला की पानांचा घेर वीस फुटांवर जातो, काटे वेगळेच. तिथं तीन झाडांपेक्षा जास्त बसत नव्हती.

"काकू, तीन निवडा."

काकू डब्यांपुढून दोनदा फिरल्या. "मले नाही होत. तुम्हीच सांगा."

मी धंद्याच्या नजरेनं निवडली. सरळ गाभा, जाड बुंधा, निरोगी पान. सासूबाईंच्या वेळचं, मंगलच्या लग्नाचं आणि मधलं एक. खजुरात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. फळ फक्त मादीला धरतं. बीपासून आलेलं झाड नर की मादी, हे तुरा येईपर्यंत कोणालाही कळत नाही. तीन लावली म्हणजे एखादी तरी मादी निघेल, असा माझा अंदाज होता.

काका मागच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पाहत नसल्यासारखे.

मजुरानं डबा कापला, मुळांसकट झाड सोडवलं आणि आम्ही ते खड्ड्यात उतरवलं. वाऱ्यानं हलू नये म्हणून मी थोडं खोल घेतलं. मजूर माती लोटायला लागला.

"वर घ्या!" काका ओरडले. खुर्ची मागं पडली. "गाभ्यात पाणी जाईन त्याच्या! वर घ्या म्हणतो ना!"

ते खड्ड्यापाशी आले, गुडघ्यावर बसले आणि मनगटाची बटणं सोडून बाह्या कोपरावर सारल्या. दोन्ही हातांवर मनगटापासून वर पांढऱ्या वणांच्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, एकीवर एक. खजुराचे काटे हो, एवढंच मला म्हणाले. मग बुंध्याखाली दोन्ही हात घालून त्यांनी झाड चार बोटं वर उचललं आणि एका हातानं धरून ठेवलं, दुसऱ्यानं माती दाबत राहिले. गाभा जमिनीच्या वर राहिला पाहिजे, सभोवती आळं करायचं, पण पाणी बुंध्याला टेकता कामा नये. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं.

मग विळा मागितला. खालची पानं कापली, उरलेली गोळा करून वर धरली आणि त्याच पानाचा एक पट्टा चिरून त्यानं बांधली. दोरी लागली नाही. सुतळीचं रिकामं पोतं त्याला गुंडाळलं, उन्हानं कोवळा भाग भाजू नये म्हणून. हे करताना ते माझ्याशी बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मुळं तुटले त घाबरू नका. दोन महिने पान हालत नाही. मंग एक दिवस मधातून नव्या पानाची सुई निंगते. आमच्या तिथी त भर उन्हाळ्यात लावत होतो आम्ही, गरम जमिनीत मूळ लवकर..."

"आमच्या?" काकू म्हणाल्या.

काकांचे हात थांबले.

"आमच्या तिथी म्हतलं तुम्ही."

"तोंडातून गेलं."

"जाऊ द्या. पण म्हतलं ना."

मजूर माझ्याकडं पाहू लागला. मी त्याला टेम्पोतलं खत आणायला पाठवलं. मलाही जायला हवं होतं, पण मी झाड धरून उभी होते.

काका मातीकडं पाहत बोलले. "तिथी होतो तवा इथचं याद यायचं. वाटे, एकदा घरी गेलो की सपलं. आता इथी हाओ त पाच वाजले की पाण्याची पाळी आठोते. दगडाचा पाट होता. प्रत्येकाची येळ ठरलेली. माह्याकडं एकशे दहा झाडं होते. कोण्या झाडाले कवा पाणी, मले घड्याळ लागे ना. आता ते कोण पाह्यते, कोणाले माईत."

"काऊन सांगतलं नाही मले?"

"काय सांगू? तू इथी एकटीनं लेकरं वाढोले. आईचं केलं. अन् मी घरी येऊन सांगू का, मले तिथचं याद येते म्हणून? म्हणून म्हतलं, दारातच नको ते झाड. नजरेपुढं नको."

काकू आत गेल्या. मला वाटलं, आजचं काम आता इथंच थांबलं. काका विळ्याची माती पुसत राहिले. जरा वेळानं काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, काकांच्या हातात दिला आणि समोर उकिडव्या बसल्या.

"त्या एकशे दहा झाडायले नावं होते का?"

"जातीचे होते. फर्द, खुनैझी, खलास."

"खलास?"

"हाव. लय गोड रायते तो. सगळ्यात गोड."

"नावच खलास अन् म्हणे गोड," काकू म्हणाल्या. त्यांना हसू आलं, मग डोळ्याला पदर लावावा लागला. "अन् हे कोणतं, माह्यं?"

काकांनी झाडाकडं पाहिलं. खजुराची जात हवी तर झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिलू काढून लावावं लागतं, ते आईसारखंच निघतं. बी लावली तर काय निघेल याचा भरवसा नसतो. काकांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं.

"बीच्या झाडाले नाव नसते. ते आपल्या मनाचं असते."

मी संधी पाहून म्हटलं, "काका, तुमची हरकत नसन त समोरचे दोन फॅन पाम काढून वापस नेतो. राह्यलेले हे दोन खजूर समोर लावू. समोर ऊन चांगलं हाये."

काका काकूंकडं पाहू लागले. मला वाटलं काकू हो म्हणतील. इतकी वर्षं सांभाळलेली झाडं शेवटी दारात येणार होती.

"समोर नको," काकू म्हणाल्या. "समोर लावले त हे दिवसभर तिथीच जाऊन राहतीन. मागंच असू द्या. पाच वाजता पाणी घालाले येतीन, मी बी येईन. बाकीचा दिवस माहा."

तिन्ही झाडं मागं लागली. दुसरं आणि तिसरं काकांनीच लावलं. मी फक्त पाणी ओतलं. उरलेल्या चारपैकी दोन डोणगावला मंगलनं नेली, दोन मी नर्सरीत आणली. मालकांनी विचारलं, ही कोणत्या भावाची? मी म्हटलं, विकायची नाहीत.

त्यानंतर तीनचार वेळा त्या बाजूला काम निघालं तेव्हा मी जाऊन आले. एकदा मुद्दाम पाचच्या सुमाराला गेले. काका नळी धरून उभे होते. काकू उंबरठ्यावर बसून विचारत होत्या, "मंग त्या पाटाचं पाणी येत कुठून होतं?" काका सांगत होते. उत्तर लांब होतं. मी आल्याचं दोघांनाही लवकर कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत दोन झाडांना तुरे आले. सासूबाईंच्या वेळचं नर निघालं, मंगलच्या लग्नाचं मादी. तिसऱ्यानं अजून काही ठरवलेलं नाही. काकांनी नराच्या तुऱ्याच्या काड्या तोडून मादीच्या तुऱ्यात बांधल्या. तिकडं परागीभवन वाऱ्यावर सोडत नाहीत, हातानंच करतात. पुढच्या वर्षी हे आपल्याला करता येईल का, असं काकूंनी विचारलं, तेव्हा एक तुरा त्यांनी काकूंकडून बांधून घेतला.

फळ धरलं. जुलैत पिवळं झालं आणि पावसानं गाठलं. घडाला पोतं बांधूनही बरंचसं सडलं, व्हायचं तेच झालं. वाचले ते मूठ दोन मूठ. त्यातले पाच काकांनी कोणाच्या तरी हाती नांदुऱ्याला पाठवले, तिथून ते माझ्यापर्यंत आले. मी एक खाल्ला. करकरीत आणि चांगलाच तुरट होता.

संध्याकाळी फोन आला. "कसे लागले, मॅडम?"

"खरं सांगू का काका? तुरट हायेत."

"हाव," काका म्हणाले. "तिथी असे खजूर उंटापुढं टाकत होतो आम्ही." मागून काकूंचा आवाज आला. काका फोन बाजूला धरून म्हणाले, "हे ऐका, हिनं आठ खाल्ले. आता म्हणते, तिथचे कसे होते ते पुन्हा सांगा."

या सगळ्यातून माझ्या कामात दोन बदल झाले. पाम मागायला कोणी आलं की मी आधी घरचं पाणी बाटलीत भरून आणायला सांगते, आणि ते तपासल्याशिवाय झाड दाखवत नाही. मग विचारते, झाड कोणाला हवंय. नवराबायको जोडीनं आले असतील तर दोघांना वेगवेगळं विचारते, कारण उत्तरं बहुतेक वेळा दोन निघतात. यात गिऱ्हाइकाची एक चक्कर वाढते आणि मालक कुरकुर करतात. पण झाडं कमी मरतात.